केमिस्ट्री एक, आकडे तीन: बोर्ड, नीट आणि सीईटीचे गुण कसे ठरतात

बारावी सायन्सच्या लेकराकडे निकालांचा हंगाम संपेपर्यंत केमिस्ट्रीचे तीन आकडे जमा झालेले असतात. समजा, एका पोरीच्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर १०० पैकी ८४ आहेत. सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांच्या परीक्षेच्या, स्कोअरकार्डवर ९१ पर्सेंटाइल, आणि त्यापुढे दशांशाची सात घरं. मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेची उत्तरतालिका आणि स्वतःची ओएमआर (गोळे भरलेली उत्तरपत्रिका) शेजारी ठेवून बेरीज केली तर १८० पैकी ९६. पोरगी तीच, अभ्यासही बराचसा तोच. मग घरातले विचारतात, यातलं खरं कोणतं?

मराठवाड्यात हा प्रश्न जड असतो. लातूरला किंवा नांदेडला खोली करून द्यायची, मेस लावायची, क्लासची फी भरायची, यासाठी कुणी जनावर विकलेलं असतं, कुणी उचल घेतलेली असते. बीडकडची कितीतरी आईवडील मंडळी लेकराच्या अभ्यासाचे महिने ऊसतोडीच्या फडावर काढतात आणि निकालाच्या वेळी गावी असतात. एवढं करून हाती आलेला आकडा काय सांगतो, हे त्या घराला कळायलाच हवं. तिन्ही आकडे खरेच आहेत, फक्त प्रत्येकाने वेगळीच गोष्ट मोजली आहे.

बोर्ड: लिहिलेल्या प्रत्येक पायरीचे पैसे

बोर्डाच्या केमिस्ट्रीचे १०० गुण म्हणजे ७० लेखी आणि ३० प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकात टायट्रेशन, सॉल्ट ओळखणं, प्रोजेक्ट, जर्नल, तोंडी असं सगळं येतं आणि त्यात बहुतेक लेकरांना भरघोस गुण पडतात. म्हणून गुणपत्रिका वाचताना पहिल्यांदा हे दोन भाग सुटे करा. वरच्या पोरीला प्रात्यक्षिकात २९ असतील, तर लेखीत ५५ उरतात. ७० पैकी ५५ म्हणजे साधारण ७९ टक्के. ‘केमिस्ट्रीत ८४ टक्के’ आणि ‘लेखी पेपरात ७९ टक्के’ यांत फरक आहे, आणि पुढच्या परीक्षांशी तुलना करायची असेल तर दुसरा आकडा जास्त कामाचा.

लेखी पेपर तीन तासांचा. ‘अ’ विभागात १० बहुपर्यायी आणि ८ एका गुणाचे प्रश्न, सगळे सोडवायचे. ‘ब’ मध्ये दोन गुणांच्या १२ प्रश्नांपैकी ८, ‘क’ मध्ये तीन गुणांच्या १२ पैकी ८, ‘ड’ मध्ये चार गुणांच्या ५ पैकी ३. छापलेल्या सगळ्या प्रश्नांची बेरीज केली तर ९८ गुण होतात आणि मोजायचे असतात ७०. म्हणजे २८ गुणांचे प्रश्न तुम्ही सोडून देऊ शकता. एखादा धडा कच्चा राहिला म्हणून पेपर हातातून जात नाही, तो यामुळेच.

‘अ’ विभागातल्या बहुपर्यायी प्रश्नांबद्दल पेपरच्या पहिल्या पानावर एक सूचना असते. पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं. नुसतं अक्षर लिहिलं तर शून्य, नुसतं उत्तर लिहिलं तरी शून्य. आणि एकाच प्रश्नाचं उत्तर दोनदा लिहिलं तर पहिलंच धरलं जातं. आधीचं खोडून नंतर सुधारलेलं उत्तर तपासलं जाईल, या भरवशावर राहू नका. क्लासच्या टेस्टमध्ये ओएमआरवर गोळे भरायची सवय झालेली हुशार पोरं इथे हकनाक गुण घालवतात. त्यांना उत्तर येत असतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

आता तपासणी. पेपर झाल्यावर नमुना उत्तरं ठरतात, कोणत्या पायरीला किती गुण याची फोड ठरते, आणि मग परीक्षक तपासायला बसतात. त्यांच्यावर नियामक, नियामकांवर मुख्य नियामक. परीक्षकासमोर लेकराचं नाव किंवा कॉलेज नसतं, बारकोड लावलेली उत्तरपत्रिका असते. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली हे जिल्हे एका विभागीय मंडळात आणि लातूर, नांदेड, धाराशिव दुसऱ्यात, पण प्रश्नपत्रिका सगळ्या राज्याला एकच असते.

ही फोड कशी चालते ते एका गणितावर पाहू. प्रश्न असा: प्रथम कोटीच्या अभिक्रियेत ३० टक्के पदार्थाचं विघटन व्हायला ४० मिनिटं लागतात, हाफ लाइफ (निम्मा पदार्थ संपायला लागणारा वेळ) काढा. गुण तीन.

आधी वेगस्थिरांक के काढायचा. सूत्र: के बरोबर २.३०३ भागिले वेळ, गुणिले सुरुवातीची मात्रा भागिले उरलेली मात्रा यांचा लॉग. सुरुवातीला १०० धरले तर ३० गेले, उरले ७०. म्हणजे २.३०३ भागिले ४०, गुणिले १०० भागिले ७० चा लॉग. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. १०० चा लॉग २, ७० चा १.८४५१, वजाबाकी ०.१५४९. के आला ०.००८९२ प्रति मिनिट. मग हाफ लाइफ बरोबर ०.६९३ भागिले के, म्हणजे सुमारे ७७.७ मिनिटं.

तीन गुणांची फोड बहुधा अर्ध्या-अर्ध्याची असते: पहिलं सूत्र, त्यात किमती भरणं, के ची किंमत एककासह, दुसरं सूत्र, त्यात किंमत भरणं, शेवटचं उत्तर एककासह. आता तीन लेकरं घेऊ. पहिलीने सगळं बरोबर केलं, लॉग टेबलातली ओळ तेवढी चुकली. तिची सूत्रं शाबूत आहेत, किमती भरल्या आहेत, तिला निम्म्याहून जास्त गुण मिळायला हरकत नाही. दुसऱ्याने घाईत उरलेल्या ७० ऐवजी गेलेले ३० भरले. त्याचं उत्तर २३ मिनिटांच्या आसपास येईल, साफ चूक, पण दोन्ही सूत्रांचे गुण त्याला आहेत. तिसऱ्याने रफ कामात सगळं करून पानावर फक्त ‘७७.७’ लिहिलं. उत्तर बरोबर, पण परीक्षकाला गुण टाकायला पायरीच नाही, आणि एककही गायब. तिघांत केमिस्ट्री सगळ्यात जास्त कुणाला येते ते आपल्याला कळतं. गुण मात्र पानावर जे आहे त्याचेच पडतात.

ऑरगॅनिकमध्ये हेच बाणावर येतं. ईटार्ड अभिक्रिया विचारली आणि एका बाजूला टोल्युइन, दुसऱ्या बाजूला बेंझाल्डिहाइड लिहून मोकळा बाण काढला, तर निम्मी गोष्ट सांगितलीच नाही. बाणावर क्रोमिल क्लोराइड हवं, कार्बन डायसल्फाइड हे द्रावक हवं, मधलं संकुल आणि त्यानंतरचं जलापघटन हवं. गुण त्या तपशिलाचे असतात, कारण टोल्युइनवर दुसरं काही टाकलं तर दुसरंच काही तयार होतं. फरक सांगा म्हटलं आणि दोन गुण असले की दोन नेमके मुद्दे पुरतात. तिथे पाच मुद्दे लिहून पान भरणाऱ्या लेकराचे पाच मिनिटं जातात, गुण तेवढेच राहतात.

एक गोष्ट खेड्यातून आलेल्या लेकरांसाठी मुद्दाम सांगावीशी वाटते. मुखेड, कंधार, केज, औसा इथल्या शाळांत दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीला एकदम इंग्रजीतून केमिस्ट्री समोर येते. ‘माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून गुण कमी पडले’ असं ती पोरं मनाशी धरून बसतात. केमिस्ट्रीच्या फोडीत सफाईदार वाक्याला वेगळे गुण नाहीत. सूत्र, संतुलित समीकरण, आकृतीवरची नावं, एकक, व्याख्येतला कळीचा शब्द यांना आहेत. राउल्टचा नियम तुटक तीन ओळींत लिहिला, पण द्रावकाचा बाष्पदाब, मोल अपूर्णांक आणि स्थिर तापमान हे तिन्ही आले, तर त्या ओळी पूर्ण गुणाच्या आहेत.

नीट: खात्री नसेल तर किंमत मोजा

नीटमध्ये पायरीचा विचारच नाही. केमिस्ट्रीचे ४५ प्रश्न, प्रत्येकी ४ गुण, एकूण १८०. चुकलं तर एक वजा. लॉग चुकलेली पहिली पोरगी, ३० भरणारा दुसरा मुलगा, दोघांनाही इथे वजा एक. नुसतं ७७.७ लिहिणाऱ्या तिसऱ्याला पूर्ण चार. बोर्डात ज्याची कदर झाली नाही तो इथे वर येतो, आणि उलटही होतं. बोर्डात ८४ आणि नीटमध्ये निम्मे, हे एकाच लेकराचं होणं त्यामुळे अजिबात विचित्र नाही.

वजा एकबद्दल पोरांत दोन टोकाचे समज आहेत. काही जण भीतीने वीस प्रश्न कोरे सोडतात, काही जण शेवटच्या दोन मिनिटांत सगळे गोळे काळे करतात. हिशेब करून पाहा. चार पर्यायांतून डोळे मिटून १०० प्रश्न टिपले तर साधारण २५ बरोबर येतील, त्यांचे १०० गुण. ७५ चुकतील, त्यांचे ७५ वजा. हाती २५ उरतात, म्हणजे प्रश्नामागे पाव गुण. कागदावर नफा आहे, पण तो शेकडो प्रश्नांच्या सरासरीचा. एका लेकराने आठ प्रश्न असे टिपले तर आठही चुकण्याची शक्यता दहात एक आहे. खात्रीने दोन पर्याय बाद करता आले की चित्र बदलतं: उरलेल्या दोनांतून निवडण्यात प्रश्नामागे सरासरी दीड गुणाचा फायदा आहे. तिथे कोरं सोडणं हेच नुकसान.

चूक उत्तर आणि बरोबर उत्तर यांच्यात पाच गुणांचं अंतर असतं, हे २०२४ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. फिजिक्सच्या अणूवरच्या एका प्रश्नाला आधी दोन उत्तरं बरोबर धरली होती, कारण एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात वेगळं वाक्य होतं. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचं मत मागवलं, एकच उत्तर बरोबर ठरलं, आणि दुसरा पर्याय निवडलेल्या लाखो मुलांचे पाच-पाच गुण गेले. पैकीच्या पैकी असलेले ६१ जण होते, ते १७ वर आले. पात्रतेची रेषाही १६४ वरून १६२ वर सरकली.

ही पात्रतेची रेषा खुल्या गटासाठी ५० पर्सेंटाइलची आहे, ५० टक्क्यांची नाही. ७२० पैकी ३६० लागतात असं समजून रडणारी लेकरं दरवर्षी भेटतात. ५० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांच्या मधोमध. २०२२ मध्ये ती रेषा ११७ गुणांवर होती, २०२४ मध्ये १६२ वर, २०२५ मध्ये पेपर अवघड गेल्याने १४४ वर. रेषा ठरावीक गुणांवर नाही, सगळ्या मुलांच्या क्रमवारीवर ठरते. आणि पात्र होणं म्हणजे सरकारी कॉलेजात जागा मिळणं नव्हे, ती राज्याच्या गुणवत्ता यादीतून मिळते. पूर्वी वैद्यकीय प्रवेशात विभागवार ७०:३० ची वाटणी होती: ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, ३० टक्के बाकी राज्याला. ती रद्द व्हावी म्हणून मराठवाड्यातून बरीच वर्षं मागणी झाली आणि २०२० मध्ये ती रद्द झाली. आता हिंगोलीच्या मुलीचा गुण मुंबई-पुण्याच्या मुलांसोबत एकाच यादीत मोजला जातो.

सीईटी: तुमच्या शिफ्टमध्ये तुम्ही कितवे

सर्वात जास्त गैरसमज इथे आहेत. सीईटीत केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, चुकलं तरी वजा काही नाही. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे, ८० टक्के बारावीचे. वजाबाकी नसल्याने इथे एकही प्रश्न कोरा सोडायचं कारण नाही.

परीक्षा संगणकावर, अनेक दिवस, अनेक शिफ्टमध्ये चालते आणि प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा. मग सोमवारी सकाळी बसलेल्याचे ३८ आणि गुरुवारी दुपारी बसलेल्याचे ३४ यांची तुलना करायची कशी? त्यासाठी पर्सेंटाइल. तुमच्या शिफ्टमध्ये तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण किती जणांना, तो आकडा घ्यायचा, शिफ्टमधल्या एकूण मुलांनी भागायचा, १०० ने गुणायचं. एवढंच.

उदाहरणाला दोन शिफ्ट धरा, दोन्हीकडे २०,००० मुलं. सोप्या शिफ्टमध्ये ३८ किंवा कमी गुण १७,००० जणांना. भागाकार करून येतात ८५ पर्सेंटाइल. अवघड शिफ्टमध्ये ३४ किंवा कमी गुण १७,८०० जणांना, म्हणजे ८९ पर्सेंटाइल. ३४ वाला ३८ वाल्याच्या पुढे गेला, आणि यात अन्याय नाही. यामागे धरलेली गोष्ट एकच, की मुलं शिफ्टमध्ये आपोआप वाटली गेल्यामुळे दोन्हीकडची मुलं सरासरीने सारख्याच तयारीची असतात. हजारोंच्या गर्दीत हे बऱ्यापैकी खरं उतरतं.

यातून दोन गोष्टी निघतात. प्रत्येक शिफ्टमधल्या पहिल्याला १०० पर्सेंटाइल मिळतं, मग त्याचे दोन प्रश्न चुकलेले का असेनात. आणि गुणांच्या मधल्या पट्ट्यात दाटी असते, तिथे एका गुणाने शेकडो मुलं मागे पडतात. टोकाला तेवढंच अंतर कापायला जीव काढावा लागतो: २०,००० च्या शिफ्टमध्ये ९९ म्हणजे पुढे २०० जण, ९९.५ म्हणजे पुढे १००. म्हणून ९१ चे ९३ होणं आणि ९९ चे ९९.५ होणं यांची मेहनत एका मापाने मोजू नका.

आणखी एक, जे सायबर कॅफेत बसल्या बसल्या बरेच पालक करतात: तिन्ही विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी. ती एकूण पर्सेंटाइलशी जुळत नाही, जुळायचीही नाही. एकूण पर्सेंटाइल एकूण कच्च्या, म्हणजे पेपरात प्रत्यक्ष मिळालेल्या, गुणांवरून नव्याने काढलं जातं, आणि इंजिनिअरिंगच्या गटात गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा असल्याने त्याचं वजन केमिस्ट्रीच्या दुप्पट पडतं. स्कोअरकार्डात चूक झाली म्हणून धावपळ करण्याआधी हे लक्षात घ्या.

अमेरिकेत शिकणाऱ्या नातेवाइकांच्या मुलांकडून हल्ली ‘एपी केमिस्ट्री’चा आकडा कानावर येतो, फक्त ४ किंवा ५. ती अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षा, आपल्या बारावीच्या तोडीची. तिथे ६० बहुपर्यायी प्रश्न आणि ७ लेखी प्रश्न, दोन्हींचं वजन निम्मं-निम्मं, वजा गुण नाहीत. लेखीत तीन मोठे प्रश्न दहा-दहाचे, चार छोटे चार-चारचे. तपासणारे शिक्षक आपल्या बोर्डासारखेच पायरीला गुण देतात, पण एक नियम मला फार आवडतो: आधीच्या भागातलं चुकीचं उत्तर पुढच्या भागात बरोबर पद्धतीने वापरलं, तर पुढच्या भागाचे गुण साधारणपणे कापत नाहीत. एका चुकीची शिक्षा एकदाच. शेवटी सगळ्याची बेरीज १ ते ५ या श्रेणीत बसवतात, आणि त्या श्रेणीच्या सीमा अशा ठेवतात की वेगवेगळ्या वर्षांतल्या सारख्याच तयारीच्या मुलांना सारखीच श्रेणी मिळावी. शेजारी कोण बसलं होतं यावर ती अवलंबून नसते. तिथला ५ आणि इथला ९९ पर्सेंटाइल एकमेकांशेजारी ठेवण्यात म्हणूनच अर्थ नाही.

मग बोर्डाच्या गुणांचं काय?

‘बोर्डाचे गुण कुठेच धरत नाहीत’ हे वाक्य क्लासच्या पायऱ्यांवर ऐकू येतं. अर्धं खरं आहे. मेरिट प्रवेश परीक्षेचं, पण दाराशी बोर्ड उभं असतं. मेडिकलला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के लागतात, राखीव गटांना ४०. इंजिनिअरिंगला संबंधित विषयांत ४५, राखीव गटांना ४०. नीटमध्ये चांगले गुण असून या अटीत अडकलेलं लेकरू पुढचं वर्ष फक्त बोर्डासाठी घालवतं.

म्हणून बोर्डाचा केमिस्ट्रीचा गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी आला तर गप्प बसू नका. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेलं उत्तर पाहतात. उत्तर चुकीचं तपासलं आहे असं वाटत असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते, त्याशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही. छायाप्रत हाती आली की ती विषयाच्या शिक्षकांसोबत बसून पाहा: पुरवणीतली पानं मोजली आहेत का, आतले गुण आणि पहिल्या पानावरचे गुण जुळतात का, गणितात पायऱ्या असूनही शून्य पडलं आहे का. अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क विषयवार असतं, आणि मुदत थोड्या दिवसांची असते. निकालाच्या दिवशीच बोर्डाच्या संकेतस्थळावरची शेवटची तारीख वहीत लिहून ठेवा.